म्या

परभणीत, वसमत रोडला, डुप्लिकेट चाव्यांच्या दुकानावर
एक खोली आहे. तिथं मी जपानी शिकवते.
अकरा जण. सगळ्यांना तिकडं जाऊन
परक्या म्हाताऱ्यांना उठवायचंय, बसवायचंय, भरवायचंय.
खाली चाव्या घासायचा आवाज,
वर आम्ही एकेका वाक्याचा कर्ता हुडकत बसलेलो.

लिहायचं ‘हा’, वाचायचं ‘वा’.
मुंजाजी म्हणतो, वा!
दुसरा प्रत्यय ‘गा’.
गा म्हटलं की नाजनीन खरंच गुणगुणायला लागते.

मी सांगते, ओळखीच्याला वा,
नव्यानं आत आलेल्याला गा.
गोष्टीत म्हातारा पहिल्यांदा येतो तो गा लावून,
पुढच्याच ओळीत डोंगराकडं निघतो, तेव्हा वा.
‘एका ओळीत वळख झाली?’ दैवशाला विचारते.
‘मॅडम, आमच्या गल्लीत मला नऊ वर्षं झाली,
अजून ती सेलूची म्हणतात.’
पुस्तकात याचं उत्तर नाही.
मी फळा पुसते.

‘कोण’ला मात्र वा कधीच लागत नाही.
कोण म्हणजे अजून तोंड न दिसलेला.
दारे गा. एवढंच. पाठ करा.

आणि ‘समजतं’ला घाबरू नका.
आपल्याकडंही भूक लागते, थंडी वाजते,
आठवण येते, जपानी येतं किंवा येत नाही.
सगळं आपल्यापर्यंत चालत येतं
आणि आपण ‘ला’ लावून उंबऱ्यात बसलेलो असतो.
हे यांना शिकवावं लागत नाही.

एप्रिलमध्ये थर्मास फुटला.
मी झेरॉक्स घेऊन वर आले तर
जिन्यापर्यंत चहा, चहात काचेचा चुरा,
अकरा जण वह्यांत बघत.
काय झालं?
वारेमाशिता, मुंजाजी म्हणाला. फुटला.
व्याकरण बिनचूक.
थर्मास आपापला फुटला, जशी आमच्याकडं
लाइट जाते, पोरगी नापास होते, जमीन विकली जाते.
मी म्हटलं, वारिमाशिता म्हणा. फोडला.
एका मात्रेचा तर फरक आहे.
दारे गा?

कूलर तेवढा बोलत होता.
मग शेवटच्या बाकावरून
‘वाताशी गा.’
आणि लगेच, घाईनं, जणू पहिलं कमी पडलं असतं,
‘म्या फोडला.’

दैवशाला उभी होती. ओढणीचं टोक चहानं भिजलेलं.

पाचवीत, मानवतच्या शाळेत,
मी म्हणाले होते, गुरुजी, म्या आणलाय खडू.
पट्टी उलटी धरून मारलं होतं.
म्या नाही, मी. माणसासारखं बोल.
तेव्हापासून मी आणलं, मी केलं, मी खाल्लं.
त्यानं, तिनं, वाण्यानं, मांजरानंसुद्धा
काही केलं की अंगावर खूण घेऊन फिरायचं,
मी आणि तू तेवढे कोरे सुटलेले.
शुद्ध झालेला माझा मी.
त्याला बघून कळतच नाही
की यानं काही केलंय का नुसताच उभा आहे.
म्याला कळायचं. म्या म्हटलं की
हात आधीच पुढं यायचा.

मी फळ्यावर लिहिलं: वाताशी गा.
खाली लिहिलं: म्या.
दोन्हींच्या मध्ये काय लिहावं ते सुचेना.
‘परीक्षेला येतंय का हे?’ मुंजाजीनं विचारलं.
नाही येत, म्हटलं.
तरी सगळ्यांनी उतरवून घेतलं.

थर्मास साडेतीनशेचा होता. शंभर मी घेतले,
उरलेले तिकडं गेल्यावर पाठव म्हणाले.

रात्री घरी दूध उतू गेलेलं.
आईनं आतून विचारलं, कुणी ठेवलं होतं गं?
गेलं उतू, असं तोंडावर आलं होतं.
‘म्या,’ म्हणाले.

टीव्हीचा आवाज कमी झाला.
‘काय म्हणलीस?’